वादळाचा इशारा आणि वाळवंटातला तंबू: खिशाला किती पडतं?

आमच्या घरी दोनशे पानी एक वही आहे. अमिरातीच्या वाळवंटात तंबू ठोकून काढलेल्या प्रत्येक रात्रीचा हिशेब तिच्यात आहे. सवय बायकोची, फायदा सगळ्यांचा. त्या वहीतल्या तीन ओळी इथे देतो.

मलीहाच्या बाजूला एक रात्र, आभाळ स्वच्छ: ४२० दिरहम.
लिवाच्या वाटेवर एक रात्र, आदल्या दिवशी पाऊस: २,९०० दिरहम.
शौका, पावसाचा इशारा, सहल रद्द: ६० दिरहम.

माणसं तीच, गाडी तीच, तंबूही तोच. दुसऱ्या ओळीत २,३०० दिरहम वरचे गेले ते एका पांढऱ्या सपाट जमिनीवरून काढलेल्या ‘जवळच्या वाटे’पायी. दिरहमला २३-२४ रुपये धरले तर साधारण ५५ हजार रुपये. तेवढ्यात चौघांचं कुटुंब पाच वेळा वाळवंटात जाऊन आलं असतं. पावसाळी हवेत सहलीचा खर्च सामानावर फार थोडा ठरतो. तंबू कुठे ठोकता आणि माघारी कधी वळता, यावर तो ठरतो. ही माहिती त्या अंगाने वाचावी.

आकड्यांबद्दल एक खुलासा. दंडाच्या रकमा कायद्यातल्या आहेत. सामान, भाडं, रिकव्हरी यांचे भाव आमच्या वहीतले आणि मित्रमंडळींच्या अनुभवातले आहेत. दुकान आणि हंगाम बदलला की तेही थोडे हलतील.

आधी आभाळ: इथे खर्च शून्य

आपल्याला पाऊस म्हटला की सह्याद्री आठवतो. गरम भजी, धुकं, धबधबा. दुबई-शारजात आठ महिने घामाने निथळलेला मराठी माणूस ढग दिसताच गाडीची किल्ली उचलतो, ती याच ओढीने. पण सह्याद्रीतही ही ओढ महागात पडते. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. इथल्या हजर पर्वतात तर माती आणि झाडोरा जवळजवळ नाहीच. उघड्या खडकावर पडलेलं पाणी सिमेंटच्या गच्चीवरून पन्हाळीत यावं तसं थेट वादीत उतरतं. वादी म्हणजे एरवी कोरडी पडलेली डोंगरी नदी. तुमच्या डोक्यावर ऊन असतं, वीस किलोमीटरवर पाऊस पडून गेलेला असतो, आणि लोंढा पोचतो तेव्हा तुम्ही कोळसे पेटवत असता.

अमिरातीतला पाऊस म्हणजे शिंतोडे, हा समज दोनदा तरी खोटा ठरला आहे. जुलै २०२२ च्या अखेरीस फुजैरा बंदरावर दोन दिवसांत २५५ मिलिमीटर पाऊस झाला आणि पुरात सात जणांचा बळी गेला. १६ एप्रिल २०२४ ला अल ऐनजवळच्या खत्म अल शकला इथे चोवीस तासांच्या आत २५४ मिलिमीटर कोसळला. १९४९ पासूनच्या नोंदींत देशात एका दिवसात एवढा पाऊस झालेला नव्हता. त्याच वेळी दुबई विमानतळावर १४२ मिलिमीटर झाला. तिथे एरवी अख्ख्या वर्षात ९५ मिलिमीटरच्या आसपास पडतो.

म्हणून शुक्रवारी निघायचं असेल तर गुरुवारी संध्याकाळी आणि निघायच्या तासभर आधी असं दोनदा राष्ट्रीय हवामान केंद्राचं म्हणजे एनसीएमचं ॲप उघडा. त्यात नकाशावर तीन रंग असतात. आमच्या गटाचा नियम असा:

– पिवळा: बाहेर असाल तर सावध राहा, असा त्याचा अर्थ. आधी रंगाखालचा मजकूर वाचा, कारण पिवळा धुक्यासाठीही लागतो आणि वाऱ्यासाठीही. पावसाचा असेल तर वादी आणि डोंगर बाद. वाळूत, डांबरी रस्त्यापासून दोन-तीन किलोमीटरच्या आत, दोन गाड्या असतील तरच मुक्काम.
– नारिंगी: धोकादायक हवा. सहल रद्द. इथे चर्चा नाही.
– लाल: घराबाहेरच पडू नका.

तुमची जागा कोरडी दिसते यावर जाऊ नका. अल फायाच्या वाळूत बसायचं असलं तरी पूर्वेला हत्ता, शौका, मसाफी भागात ढग किती आहेत ते पाहा. येण्याजाण्याचा रस्ता तिकडच्या पाण्यानेही अडतो.

जागा: स्वस्त, महाग आणि जीवघेणी

वाळूच्या टेकड्या: पावसाळी हवेत सर्वांत स्वस्त जागा हीच. ओली वाळू दबून कडक होते, गाडी कोरड्या दिवसापेक्षा सहज चालते. शारजाच्या मलीहा-अल फाया भागात, हत्ता रस्त्यावर अल बदायरच्या लाल टेकड्यांत म्हणजे आपल्या ‘बिग रेड’ला, किंवा अबुधाबीत स्वैहानच्या बाजूला डांबरी रस्ता जवळ सापडतो. तंबू टेकडीच्या माथ्यावर नको, तिथे वीज आणि वारा. दोन टेकड्यांमधल्या खडीच्या खळग्यातही नको, तिथे पाणी साचतं. वाऱ्याच्या आडोशाला, उताराच्या मध्यावर सपाटी शोधायची. फायाचा प्रागैतिहासिक भूप्रदेश जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला आणि मलीहाचा काही भाग राष्ट्रीय उद्यान झाला आहे. कुंपण आणि पाट्या दिसल्या की तिथून बाहेर राहा. शारजात मद्य चालत नाही, हेही सामान भरताना आठवा. बिग रेडची वाळू याच अमिरातीत येते.

सबखा: ही महाग जागा. मिठाचा पापुद्रा धरलेली सपाट जमीन, किनाऱ्यालगत आणि लिवाकडे टेकड्यांच्या मधेमधे. कोरडी असते तेव्हा क्रिकेटच्या मैदानासारखी दिसते. पाणी मुरलं की वरचा पापुद्रा तसाच राहतो आणि खाली चिखलाचं पिठलं होतं. लिवाच्या वाटेवर आमची गाडी चाळीस-पन्नास मीटर आत गेली आणि चाकांच्या आसापर्यंत बसली. सोबतची दुसरी गाडी दोरी घेऊन जवळ येईना, कारण तीही बसली असती. फावड्याने उकरावं तर खड्ड्यात खारं पाणी झिरपत होतं. ओळखायची खूण सोपी आहे: जमीन पांढुरकी किंवा काळपट ओलसर दिसते आणि बूट दाबला की पाणी वर येतं. अशी जागा दिसली की उतरून आधी चालून पाहा, आणि शंका आली तर वळसा घ्या. दहा किलोमीटरच्या वळशाला पेट्रोल लागतं चार-पाच दिरहमचं.

वादी आणि धरणांचा परिसर: शौका, वादी बीह, वादी नकब, हत्ता, खोरफक्कानजवळचं अल रफिसा. हिवाळ्यातल्या कोरड्या शनिवारी सुंदर. पावसाच्या इशाऱ्यात यांचा भाव सांगता येत नाही, म्हणून यादीतच धरू नका. वाहतं पाणी फूटभर खोल असलं तरी छोटी गाडी उचलली जाते आणि दोन फूट पाणी मोठी एसयूव्हीसुद्धा ढकलत नेतं. फोर बाय फोरची चारही चाकं जमीन लागली तरच कामाची. फुजैरातलं वादी वुरय्या राष्ट्रीय उद्यान तर लोकांसाठी बंदच आहे.

जेबेल जैस: देशातला सर्वांत उंच डोंगरी भाग. हवा बिघडली की रास अल खैमा प्रशासन रस्ता बंद करतं. वरती थंडी बोचरी, दगडगोटे घसरतात. चांगल्या हवेत जा.

एकदाच करायचा खर्च

गाडी स्वतःची फोर बाय फोर आहे असं धरून, चौघांच्या कुटुंबासाठी:

– चौघांचा तंबू, पावसाचं वरचं आवरण असलेला: २५०–३५०
– झोपायच्या पिशव्या आणि गाद्या: २४०
– टायरमध्ये हवा भरायचा कॉम्प्रेसर: १५०–३००
– हवा मोजायचं यंत्र: ३०
– फावडं: ४०
– वाळूत चाकाखाली घालायच्या फळ्यांची जोडी: १५०–२५०
– ताणली जाणारी रिकव्हरी दोरी आणि शॅकल: २००–३००
– अग्निशामक: ६०–८०
– प्रथमोपचार पेटी: ६०

एकूण साधारण १,१८० ते १,६५० दिरहम. पावसासाठी यात भर घालायची ती एका चांगल्या ताडपत्रीची, ४० ते ७० दिरहम. ड्रॅगन मार्टमध्ये स्वस्त मिळते. विकत घेण्याआधी कोपऱ्यातल्या कड्या ओढून पाहा. वाऱ्यात पहिल्यांदा त्याच उचकटतात.

पैसे कुठे वाचवू नयेत? दोरी आणि शॅकलवर. लोखंडी हुकाची स्वस्त दोरी ताणाखाली तुटली की तो हुक गोळीसारखा सुटतो. गाडी ओढायला बांधायची ती उत्पादकाने दिलेल्या ओढण्याच्या जागी. ट्रेलरच्या गोळ्याला दोरी कधीही अडकवू नये.

पैसे कुठे वाचवावेत? घडीच्या टेबलांवर, एलईडी झालरींवर, ‘कॅम्पिंगची खास’ भांड्यांवर. घरचा कुकर आणि स्टीलचे डबे पुरतात. वाळूत रोवायच्या खास खुंट्याही घेऊ नका. त्याला फुकटचा उपाय आहे, तो पुढे सांगतो.

दर सहलीचा खर्च

दुबई किंवा शारजातून मलीहा, जाऊन-येऊन दोनशे किलोमीटर, त्यात वाळूतली चक्कर धरून:

– पेट्रोल: ३३-३५ लीटर, साधारण ९०. भाव दर महिन्याला बदलतो. २०२५ मध्ये स्पेशल ९५ अडीच दिरहमच्या आसपास होतं.
– सालिक (दुबईचा पथकर): शारजातून शून्य, दुबईच्या आतून २० पर्यंत. शुक्रवारी दुपारी ४ ते रात्री ८ ही गर्दीची वेळ, तेव्हा एका फाटकाला ६ दिरहम पडतात, गर्दी नसताना दिवसा ४. रविवारी दिवसभर ४.
– जेवणखाण: १८०
– पाणी: पाच गॅलनच्या तीन बाटल्या, ३५
– कोळसा, लाकूड, बर्फ: ७०
– छोट्या शेगडीचे गॅसचे डबे: २५

बेरीज ४२०. भारतीय रुपयांत दहा हजारांच्या आसपास.

पाऊस असला की पाण्याची एक बाटली वाढवा. विरोधाभासी वाटेल, पण अडकलात की प्यायचं पाणीच आधी संपतं. जेवणात मात्र बदल करा. वाऱ्यात कोळसा पेटत नाही आणि ओलं लाकूड नुसता धूर करतं. मॅरिनेट केलेलं चिकन तसंच परत आणावं लागतं. अशा वेळी आपल्या आज्यांचा प्रवासाचा डबा कामाला येतो: दुधातल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळपोळी, उकडलेली अंडी, थर्मासभर चहा. पेटवायला काही लागत नाही, खर्चही शंभराच्या आत. आग लावायचीच तर पायांच्या शेगडीत. थेट वाळूवर नको, आणि राख पिशवीत भरून परत आणायची.

तंबूत कोळशाची शेगडी ऊब घ्यायला कुणीही नेऊ नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

स्वतःची फोर बाय फोर नसेल तर

भाड्याने प्राडोसारखी गाडी दिवसाला २५० ते ४५० दिरहमला मिळते, वर एक-दोन हजारांची अनामत कार्डावर अडकते. गणित सोपं वाटतं. पण करार वाचा. बहुतेक करारांत डांबर सोडून गाडी नेण्यास मनाई असते आणि वाळूत काही झालं तर विमा हात वर करतो. म्हणजे गाडी फोर बाय फोर, पण नेता येते फक्त मॉलपर्यंत.

यापेक्षा दोन मार्ग बरे. एक, आयोजकांची रात्रमुक्कामाची सहल, माणशी साधारण ३०० ते ६०० दिरहम, गाडी आणि जेवण धरून. पैसे भरण्याआधी एकच प्रश्न विचारा: हवामानामुळे रद्द झाली तर पैसे परत की पुढची तारीख? उत्तर लेखी घ्या, व्हॉट्सॲपवरचं चालेल. दुसरा, ओळखीच्या गटातल्या गाडीत जागा आणि पेट्रोल-जेवणाची वाटणी. मराठी मंडळींच्या गटांत हिवाळ्यात अशा सहली निघतात. चालवणारा अनुभवी आहे ना, एवढं आधी विचारा.

रुतलात तर

वाळूत शिरण्याआधी टायरमधली हवा ३५ वरून १५ ते १८ पीएसआयपर्यंत उतरवा. रुतण्याच्या निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. तरी रुतलात तर ॲक्सिलरेटर सोडा. चाक जितकं फिरवाल तितकी गाडी खाली जाते. आधी फावडं, मग फळ्या, मग हवा आणखी थोडी कमी, मग दुसऱ्या गाडीची दोरी. या चार पायऱ्यांचा खर्च शून्य.

पाचवी पायरी म्हणजे पैसे देऊन बोलावलेली रिकव्हरी. जवळच्या वाळूत ५०० पासून सुरू होते. रात्र, पाऊस, सबखा, अंतर यातलं एकेक जमेल तसा भाव चढतो. आमच्याकडून १,८०० घेतले आणि ते जास्त नव्हते. येणाऱ्याला लांब कोरड्या जमिनीवर गाडी उभी करून दोन दोऱ्या जोडाव्या लागल्या, तीन तास गेले. फोनवरच पूर्ण रक्कम ठरवा, ‘आल्यावर बघू’ नको. ठिकाणाचा नकाशा-पिन पाठवा आणि खाली जमीन कशी आहे तेही सांगा. इथे विनामूल्य मदत करणारे स्वयंसेवकांचे गटही आहेत, पण वादळाच्या रात्री त्यांच्याकडे तुमच्याआधी वीस जण असतात.

जीव धोक्यात असेल तर ९९९ पोलिस, ९९८ रुग्णवाहिका, ९९७ नागरी संरक्षण. पाण्याने वेढलेल्या गाडीतून रिकव्हरीवाल्याशी घासाघीस करत बसू नका.

मुखालफा: दंडाचा हिशेब

मुखालफा म्हणजे वाहतूक नियमाचा भंग. मे २०२३ पासून लागू असलेले दर:

– पावसात वादी, पूरग्रस्त भाग किंवा धरणाजवळ गर्दी करणं: १,००० दिरहम आणि ६ काळे गुण.
– वाहत्या वादीत गाडी घालणं, धोका कमी असो की जास्त: २,००० दिरहम, २३ काळे गुण, गाडी ६० दिवस जप्त.
– आपत्तीत वाहतूक किंवा बचावकार्यात अडथळा: १,००० दिरहम, ४ काळे गुण, गाडी ६० दिवस जप्त.

दुसरी ओळ नीट वाचा. २४ गुणांवर लायसन्स निलंबित होतं, म्हणजे तेवीस मिळाले की पुढच्या किरकोळ चुकीलाच ते गेलं. गाडी दोन महिने जप्त, तर ऑफिसला जायला छोटी गाडी भाड्याने, महिन्याला दीड-दोन हजार. २,००० चा दंड असा बघता बघता ५,००० ते ६,००० वर जातो, आणि गाडीचा हप्ता चालूच राहतो. २९ मार्च २०२५ पासूनच्या नव्या वाहतूक कायद्यात, वाहत्या वादीत गाडी चालवताना कुणाचा मृत्यू झाला तर किमान एक वर्षाची कैद आणि किमान १ लाख दिरहम दंडाची तरतूद आहे.

पावसात आणखी तीन मुखालफा हमखास लागतात. एक, चालत्या गाडीत चारही इंडिकेटर लावणं: ५०० दिरहम आणि ४ गुण. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाची सवय इथे महागात पडते. दोन, अबुधाबीत पाऊस सुरू झाला की फलकांवरची वेगमर्यादा ८० वर उतरते. फलक वाचला नाही ही सबब चालत नाही. तीन, गाडीतून कचरा टाकणं: १,००० दिरहम आणि ६ गुण.

एक फोनमधलंही. पुराचा जुना व्हिडिओ ‘आत्ताचा’ म्हणून गटात पुढे ढकलू नका. अफवा पसरवण्याबद्दल सायबर कायद्यात किमान एक वर्ष कैद आणि १ लाख दिरहम दंड आहे, आपत्तीच्या काळात दोन्ही दुप्पट.

विमा: निघण्याआधी दहा मिनिटं

पॉलिसी काढा आणि तीन ओळी शोधा. ‘ऑफ-रोड’ संरक्षण लिहिलंय का? पूर आणि नैसर्गिक आपत्ती धरल्या आहेत का? दाव्यात तुमच्या पदरची रक्कम किती? फक्त तृतीय पक्षाचा विमा असेल तर पाण्याने झालेल्या नुकसानीचा एक दिरहमही मिळत नाही, हे एप्रिल २०२४ नंतर अनेकांना कळलं. सर्वसमावेशक विमा असला तरी इशारा असताना मुद्दाम पाण्यात घातलेल्या गाडीचा दावा कंपनी सहज नाकारू शकते. दाव्याला पोलिसांचा अहवाल लागतो, म्हणून फोटो तिथेच काढा. मुल्किया (गाडीचं नोंदणीपत्र) आणि पॉलिसीच्या प्रती फोनमध्ये ठेवा, नेट नसतानाही उघडतील अशा.

इंजिनात पाणी गेल्याचा संशय आला तर किल्ली फिरवू नका. पाणी दाबलं जात नाही, वाकतात ते कनेक्टिंग रॉड. फ्लॅटबेडवर गाडी चढवायला दोन-तीनशे लागतात, नवीन इंजिनला दहा हजारांच्या पुढे.

वादळी रात्र: तंबू टिकवायचा कसा

आता त्या फुकटच्या खुंटीबद्दल. वाळूत साधी खुंटी वाऱ्याच्या पहिल्या झोताला उपटते. किराणा आणलेल्या कापडी पिशव्या घ्या, प्रत्येकीत तीन-चार किलो वाळू भरा, तोंडाला तंबूची दोरी दुहेरी गाठीने बांधा. कोपरभर खोल खड्डा करून पिशवी आडवी पुरा आणि वर वाळू दाबून पाय द्या. दोरी जमिनीशी तिरपी, तंबूपासून दूर ओढलेली हवी. मोठा माणूस पाठ मागे टाकून ओढतो तेव्हाही ती हलत नाही. चार कोपऱ्यांना चार, वाऱ्याच्या बाजूला आणखी दोन. सकाळी उकरून वाळू ओता, पिशव्या धुऊन परत वापरा.

गाडी वाऱ्याच्या बाजूला आडवी लावा, तोंड रस्त्याकडे, किल्ली ठरलेल्या जागी. बूट आणि चपला तंबूच्या आत घ्या, घालताना झटका. ओल आली की विंचू कोरडी जागा शोधतो. तंबूखाली अंथरलेल्या ताडपत्रीचा काठ तंबूच्या तळाबाहेर येऊ देऊ नका. बाहेर आला की पाणी थेट अंथरुणाखाली जातं. आमची पहिली पावसाळी रात्र अशीच उशा डोक्यावर घेऊन बसण्यात गेली होती.

वीज चमकली की मोजा. गडगडाट तीस सेकंदांच्या आत आला तर ढग दहा किलोमीटरच्या आत आहे. तंबू सोडा, सगळे गाडीत, काचा बंद. गाडीचा पत्रा वीज बाहेरून जमिनीत नेतो, तंबूचं कापड काहीच करत नाही. शेवटचा गडगडाट होऊन अर्धा तास गेल्यावरच बाहेर. वाऱ्याने तंबूच्या काठ्या वाकू लागल्या तर काठ्या काढून तंबू आडवा पाडा आणि वर पाण्याच्या बाटल्या ठेवा. तीनशे दिरहमचा तंबू वाचतो, रात्र गाडीत अवघडून जाते एवढंच.

पावसानंतरच्या सकाळी बहुधा धुकं असतं, आणि रस्त्याकडेला उंट. घाई करू नका. दुसरा चहा घ्या, धुकं उठलं की निघा. महामार्गाला लागण्याआधी कॉम्प्रेसरने टायरची हवा परत ३५ करा. पंधरा पीएसआयच्या टायरवर महामार्गाला लागणं म्हणजे टायर फोडायचं आमंत्रण.

परतल्यावरचा खर्च

साध्या वाळूतून आलात तर खालून धुलाईसह ५०-६० दिरहम. सबखाचं मीठ लागलं असेल तर त्याच दिवशी खालून दाबाने धुऊन घ्या, ब्रेक आणि बेअरिंग तपासा. आमचे यात ३५० गेले. ओला तंबू गुंडाळून कपाटात टाकलात तर पुढच्या महिन्यात बुरशीचा वास आणि नव्या तंबूचे २५०. बाल्कनीत दोन दिवस वाळवा, फुकट काम आहे.

लिवाच्या त्या ओळीचा ताळेबंद असा: नेहमीचा खर्च, लांबच्या पेट्रोलसह, ६००. रिकव्हरी १,८००. धुलाई आणि ब्रेक ३५०. तुटलेली दोरी आणि वाकलेली नंबरप्लेट १५०. एकूण २,९००.

रद्द करण्याचा खर्च आधीच धरा

लोक माघार का घेत नाहीत? मटण मुरवलेलं असतं, बर्फ घेतलेला असतो, मुलांना सांगून झालेलं असतं, दुसऱ्या कुटुंबाने शनिवारची शिफ्ट बदलून घेतलेली असते. ‘आता एवढं केलंय तर’ म्हणून निघालेल्या गाड्याच बहुधा दोरीला बांधून परत येतात. त्यावर आमचा साधा तोडगा आहे. बर्फ आणि कोळसा वाटेवरच घ्यायचा, आदल्या दिवशी नाही. रद्द होणारी सहल कमीत कमी खर्चात रद्द व्हावी, अशी खरेदी लावायची. आणि निघण्याआधी दोन्ही गाड्यांनी मिळून ठरवायचं: कोणत्या रंगाला वळायचं, किती वाजेपर्यंत जागा सापडली नाही तर परतायचं. कुणा एकालाही परत फिरावंसं वाटलं, तर बाकीच्यांनी कारण विचारायचं नाही.

वहीतल्या तिसऱ्या ओळीचा तपशील असा: पाण्याच्या बाटल्यांची अनामत सोडून ३५, गॅसचे डबे २५. शौकावर त्या दुपारी पाऊस फारसा झालाच नाही, हे संध्याकाळी कळलं. मुलं रुसली. कांदाभजी घरीच तळली, दशम्या ताटात आल्या. गॅसचे डबे पुढच्या महिन्यात बिग रेडला वापरले आणि बायकोने त्या ६० पुढे कंसात लिहिलं: ‘२५ परत मिळाले’.